अंडीवालीचा दुसरा गिअर

ही गोष्ट कोणाला पटणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. बाकावरचे दोघे आत्ताच गालात हसायला लागलेत, आणि सलूनवाला एका हातात वस्तरा, दुसऱ्या हातात गिऱ्हाइकाची हनुवटी धरून कान देऊन उभा आहे. त्याचा तर कशावरच विश्वास नसतो. तरीही जे घडलं ते घडलं, आणि ते सगळं अंडीवालीच्या मोटारसायकलवर घडलं. गाडीला गिअर चार. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

अंडीवाली तीनशे कोंबड्या एकटीने सांभाळायची. अंडं धड की तडकलेलं, हे ती बघून नाही, ऐकून सांगायची. दोन अंडी बोटांत धरून एकमेकांना हलकेच टेकवायची. टिक असा भरीव आवाज आला की धड. टक असा बद्द आवाज आला की कुठेतरी केसाएवढी चीर आहे, मग ती डोळ्याला दिसो न दिसो. वर्षानुवर्षं हे करून तिचा कान इतका तयार झाला होता की शेजारणीच्या स्वयंपाकघरात कपाला तडा गेला तर ही कुंपणाच्या अलीकडून सांगायची, "तो निळा कप आता पाहुण्यांपुढे ठेवू नकोस."

अशा बाईच्या गाडीचे गिअर वाजायला लागले. पहिला टाकला की खट्ट, आणि समोरच्या शाळेतले मास्तर फळ्याकडून न वळताच म्हणायचे, "या आत." दुसरा टाकला की खडाक, आणि झाडावरचे कावळे उठून पलीकडच्या झाडावर जाऊन बसायचे. तिसऱ्याला कोपऱ्यावरचं बंद पडलेलं घड्याळ पाच मिनिटं चालायचं. चौथ्याचं राहू द्या. सलूनवाल्याने मान हलवू नये, गिऱ्हाइकाच्या गालाचा प्रश्न आहे.

हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं, कारण प्रत्येक हिसक्याला मागच्या ट्रेमधली दोन-तीन अंडी जायची. दर शुक्रवारी बेकरीत दोनशे चाळीस अंडी पोचवायची, तीस-तीसचे आठ ट्रे. लागोपाठ तीन शुक्रवार ट्रेच्या बुडातून बलक गळत होता. बेकरीवाली जुन्या ओळखीची, पण ओळखीने केक फुगत नाही.

"हे बघ ताई," ती म्हणाली, "माझी माणसं निम्मी सकाळ कवचं वेचत बसतात. येत्या शुक्रवारी एक जरी तडकलेलं निघालं, तर मी टेंपोवाल्याकडून घेणार. तो कधीचा मागे लागलाय."

"नाही निघणार."

"एक जरी म्हटलंय मी."

"ऐकू येतं मला."

बेकरी गेली तर दोनशे कोंबड्या विकून टाकाव्या लागणार, हे अंडीवालीला ठाऊक होतं. कुठली कोंबडी आधी काढायची याचा विचार मनात आला, तसा तिने तो बादलीतल्या पाण्यासारखा अंगणात फेकून दिला. विकायचं काही नाही. आवाज काढून टाकायचा.

सोमवारी ती मिस्त्रीकडे गेली. या मिस्त्रीला सगळे 'नॉर्मल' म्हणत. गाडी घेऊन कोणीही जावं, चाक हातात घेऊन जावं, तो एकच शब्द बोलायचा. त्याने गाडी मेन स्टँडवर चढवली, इंजिन चालू केलं, क्लच दाबून पहिला टाकला. खट्ट.

"नॉर्मल आहे, काकू."

"एवढा आवाज?"

"अहो, आत दातेरी चाकं असतात. फिरतं चाक उभ्या चाकाला जाऊन भिडतं. पहिल्याला सगळ्याच गाड्या वाजतात. तुम्ही दार लावता तेव्हा वाजत नाही का?"

"माझ्या दाराने अंडी फुटत नाहीत."

"मग अंडी घट्ट बांधा."

दुसरी बाई असती तर भांडली असती, किंवा रडली असती. ही घरी गेली, स्टूल घेतलं, खडू घेतला, आणि मंगळवारी सकाळी बाजाराच्या पार्किंगमध्ये भिंतीला टेकून बसली. येईल-जाईल त्या मोटारसायकलचा गिअर ऐकायचा आणि भिंतीवर रेघ ओढायची. बुधवारीही तेच. दुपारी दीर शोधत आला.

"वहिनी, लोक विचारतायत तुम्ही पार्किंगच्या पावत्या फाडायला लागलात का."

"हो म्हणून सांग. तुझी गाडी काढ, ऐकायचीय."

"माझी नॉर्मल आहे."

"तेच ऐकायचंय. त्या वळणापर्यंत जा आणि दुसरा टाक."

दीर गेला. पहिल्याला खट्ट, भरीव, धड अंड्यासारखं. दुसऱ्याला नुसती एक टिचकी, ऐकू आली न आली. भिंतीवर एकशे बारावी रेघ पडली. एकशे बारा गाड्या पहिल्याला वाजल्या. दुसऱ्याला एकही नाही. तिची मात्र दुसऱ्यालाच बद्द वाजत होती. आत चीर होती.

गुरुवारी ती पुन्हा मिस्त्रीच्या दारात.

"तुझं अर्धं खरं निघालं," ती म्हणाली. "पहिल्याचा आवाज नॉर्मल. पण दुसऱ्याचा नाही. तू गाडी स्टँडवर ऐकतोस. स्टँडवर तिच्यावर ओझं कुठलं? बस मागे."

"काकू, दुकान उघडं आहे."

"कोण काय नेणार? तुझ्याकडे सगळं नॉर्मलच आहे."

समोर चहा पिणारे हसले, त्यामुळे मिस्त्रीला बसणं भाग पडलं. तिने त्याच्या तळहातावर एक अंडं ठेवलं. "मूठ झाक. दाबायचं नाही, सोडायचं नाही."

पहिला. खट्ट. अंडं शाबूत. मिस्त्री काही बोलायला तोंड उघडणार, तोच तिने दुसरा टाकला. खडाक. गाडीने मागून लाथ घातल्यासारखा हिसका दिला, मिस्त्री तिच्या पाठीवर आदळला, आणि मुठीतलं अंडं फुटून त्याच्या शर्टाच्या खिशावरून पोटापर्यंत ओघळत गेलं. तिने गाडी कडेला घेतली. मागे वळून पाहिलंही नाही.

"हे नॉर्मल?"

"नाही," मिस्त्री म्हणाला. त्याच्या तोंडून हा शब्द ऐकून चहावाल्याच्या हातातली किटली थांबली म्हणतात.

मग मात्र तो उकिडवा बसला आणि मनापासून बसला. चेन कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी लोंबत होती. क्लचची केबल ढिली, म्हणजे दांडी पूर्ण दाबली तरी क्लच पुरता सुटत नव्हता, आणि गिअर अर्धवट अडकलेल्या दारासारखा धक्क्याने पडत होता. त्याने चेन टाइट केली, केबल ओढून बसवली. ती शेजारी उभी राहून ऐकत होती आणि "अजून जरा" म्हणत होती. तीन वेळा म्हणाली. तिन्ही वेळा त्याने मुकाट्याने ऐकलं. मग दुसरं अंडं हातात घेऊन, कोणी न सांगता, तो मागे बसला. दुसरा पडला, तिसरा पडला, चौथा पडला. अंडं जसंच्या तसं.

"पहिल्याचा मात्र राहणार, काकू."

"राहू दे. मास्तरांना सवय झालीय."

शुक्रवारी बेकरीच्या दारात टेंपोवाला आधीच येऊन उभा होता, हाताची घडी घालून. अंडीवालीने आठ ट्रे उतरवले आणि बेकरीवालीला म्हणाली, "चल, तूही टेकव." दोघी समोरासमोर बसल्या. एकशे वीस जोड्या. एकशे वीस वेळा टिक. शेवटच्या जोडीला बेकरीवालीने मुद्दाम दोनदा टेकवून पाहिलं, मग टेंपोवाल्याकडे बघून नुसती मान हलवली. तो गेला.

"पुढच्या शुक्रवारी तीनशे आण," ती म्हणाली.

परतताना अंडीवालीला जरा चढलीच. राहिलेलं मिस्त्रीचं ते एक अंडं तिने टाकीवर, टोकावर उभं ठेवलं आणि निघाली. दुसऱ्याला हललं नाही, तिसऱ्याला हललं नाही, चौथ्याला तर गाढ झोपलं. मग मोकळा रस्ता बघून तिने पाचवा टाकला. तो इतका अलगद पडला की अंड्याला वाटलं आपण कोंबडीखालीच आहोत, आणि घर यायच्या आत कवचाला आतून एक चोच...

"थांबा, आजोबा," सलूनवाला वस्तरा खाली ठेवत म्हणाला. "गाडीला गिअर चारच होते."