तेविसावा नंबर

ज्ञानेश्वरी साडेनऊला पालघरच्या दवाखान्यात पोचली तेव्हा केसपेपरवर तेवीस आकडा पडला. मुलांच्या तातडीच्या विभागात त्या दिवशी एकच डॉक्टरबाई होत्या. सालवडहून रिक्षा, बोईसरहून एसटी असं करत ती चार वर्षांच्या प्रियदर्शिनीला घेऊन आली होती. पोरीला दोन दिवस ताप, आणि आदल्या संध्याकाळपासून पोटात पाणीही ठरत नव्हतं. नवरा, सुजित, तारापूरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेला होता.

अकराच्या सुमारास झटके आलेलं एक मूल थेट आत नेलं, तेव्हा रांगेतला एक बाप कुरकुरला. नर्स म्हणाली, "ज्याचं जास्त, तो आधी. नंबर त्याच्या नंतर." राग ज्ञानेश्वरीलाही आला होता.

बारा वाजता अठरावा नंबर पुकारला. तेव्हाच तिचं लक्ष दाराजवळ जमिनीवर बसलेल्या म्हातारीकडे गेलं. तिच्या मांडीवर दीडएक वर्षांचं पोर होतं. सगळी पोरं रडत होती, हे रडत नव्हतं. प्रत्येक श्वासाला त्याच्या बरगड्यांखाली खळगा पडत होता. प्रियदर्शिनीला तान्ही असताना न्यूमोनिया झाला होता, त्यामुळे तो खळगा ज्ञानेश्वरीला ओळखू आला. नर्स येता-जाता बघत असेलच, असं तिने मनाशी म्हटलं. आपण उठलो तर आपला नंबर मागे पडेल, असंही तिच्या मनात आलं.

असा पाऊण तास गेला. बावीस नंबर आत गेल्यावर तिला राहवलं नाही.

"मावशी, तुमचा नंबर कितवा?"

"नंबर?" म्हातारी म्हणाली. "आमी आठला आलू. बोलवतील म्हणून बसलू हाय."

"केसपेपर काढला नाही?"

"त्यो कुठं काढायचा, बाई?"

तिचं नाव भागी. मनोरच्या पलीकडच्या पाड्यावरून ती नातवाला, बुधाला, घेऊन एकटीच आली होती. पोराची आई चार दिवसांची बाळंतीण होती.

ज्ञानेश्वरीने प्रियदर्शिनीला कडेवर घेतलं, भागीला दंडाला धरून उठवलं आणि दार ढकललं.

"तेवीस ना? या," नर्स म्हणाली. "आणि ह्या कोण? यांचा पेपर कुठंय?"

"पेपर नाही. माझ्या नंबरावर याला बघा. श्वास बघा त्याचा."

डॉक्टरबाईंनी पोराचं झबलं वर केलं आणि पुढचं काही न विचारता त्याला ऑक्सिजन लावायला सांगितलं.

रांग तासभर थांबली. बाहेर एकजण ज्ञानेश्वरीला म्हणाला, "तुम्हीच मधे घुसवलंत ना त्यांना? आमची पोरं काय खेळायला आलीत?" प्रियदर्शिनी पुन्हा ओकली, ज्ञानेश्वरीने ओढणीने तिचं तोंड पुसलं. तेवढ्यात सुजितचा फोन आला.

"अजून नंबर नाही आला?"

"आला होता. दुसऱ्याला दिला."

"अगं, दिला म्हणजे? पोरगी केवढी तापलीय आपली."

"घरी आल्यावर सांगते."

दोन वाजता प्रियदर्शिनीला तपासलं. अंगातलं पाणी कमी झालं होतं, म्हणून सलाईन लावलं. समोरच्याच खाटेवर बुधा होता, तोंडावर मास्क. नर्स भागीला म्हणत होती, "अहो आजी, सकाळीच आणायला हवं होतं याला."

"सकाळीच आणला व्हता," भागी म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती.

नर्स स्वतःच केसपेपर काढायला खिडकीकडे गेली.

पाच वाजता पाळी संपवून सुजित आला. तोवर पोरगी बिस्कीट मागू लागली होती. बुधाला आणखी चार-पाच दिवस ठेवावं लागणार होतं, पण धोका टळला, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. ज्ञानेश्वरीने उरलेली बिस्किटं आणि पाण्याची बाटली भागीजवळ ठेवली.

एसटीत तिने सुजितला सगळं सांगितलं. पाऊण तासाचं तेवढं गाळलं. बोईसरच्या स्टँडवर उतरल्यावर मात्र ती थांबली.

"मी बारालाच बघितलं होतं त्याला," ती म्हणाली. "नंबर जाईल म्हणून बसून राहिले."

सुजितने झोपलेल्या पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"वाचलं ना ते?"

"वाचलं."

"मग झालं तर."

ज्ञानेश्वरीने मान हलवली. पण झालं, असं तिला वाटलं नाही. ती सालवडची रिक्षा बघायला पुढे गेली.