प्रोसेसर बदलण्याआधी

मी एक जुना, जाडजूड कॉम्प्युटर आहे. पण मित्रांनो, मी एकेकाळी शर्यतीच्या गाड्या भरधाव पळवल्या आहेत! माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला नाही. २००२ साली नाशिकच्या मखमलाबादला, फुलशेती करणाऱ्या एका घरात, उज्वलाने माझे सुटे भाग सतरंजीवर मांडले आणि एकेक करून जोडले. तिने नुकताच हार्डवेअरचा कोर्स केला होता. माझा पंखा पहिल्यांदा फिरला, तेव्हा ती इतक्या जोरात ओरडली की मळ्यातली माणसे खुरपी टाकून धावत आली.

उज्वला आणि तिचा धाकटा भाऊ रुद्र माझ्यावर खेळत. पण खरी खेळाडू निघाली त्यांची आई, गोजराबाई. सकाळी बाजारात फुले विकून आली की दुपारी ती माझ्यासमोर बसे. गाडी वळली की तीही खुर्चीत वळे. "आरं, सरक की बाजूला!" असे पडद्यावरच्या गाड्यांना दटावे. रुद्रला तिने कितीदा हरवले, ते मी सांगणार नाही. त्याला आवडत नाही.

चार वर्षे मजेत गेली. मग रुद्रने एका नव्या खेळाची सीडी आणली आणि माझी फजिती झाली. चित्र अडखळू लागले. हळूहळू जुनी शर्यतही रखडू लागली. एका रविवारी तर गोजराबाईची गाडी शेवटच्या वळणावर जागीच थिजली आणि मी बंद पडलो.

"याचा प्रोसेसर म्हातारा झालाय," रुद्र चिडून म्हणाला. "आणि दुकानदार सांगतो, नवा प्रोसेसर याच्या बोर्डावर बसणारच नाही. त्यापेक्षा हा भंगारात देऊ. ताई, तुझं जोडणंच कच्चं होतं."

उज्वलाचा चेहरा उतरला. ज्या हातांनी मला घडवले, त्यांना माझ्यामुळे बोल लागला. मला फार वाईट वाटले.

"एक दिवस दे मला," ती म्हणाली. "दोष प्रोसेसरचा निघाला, तर मीच याला भंगारात नेऊन देईन."

"आन् नाय निघाला तर?" गोजराबाईने विचारले.

"तर रुद्रने माफी मागायची."

दुसऱ्या दिवशी तिने माझे झाकण काढले. प्रोसेसरवरच्या पंख्यात धूळ गच्च बसली होती आणि त्या धुळीत झेंडूच्या वाळक्या पाकळ्या!

गोजराबाईने जीभ चावली. "अगं बाई! मीच रोज याच्या डोक्यावर फुलं वाहते."

पाकळ्या जाळीतून आत शिरल्या होत्या. वारा मिळेना म्हणून मी तापत होतो आणि तापलो की जळू नये म्हणून आपणहून मंदावत होतो. उज्वलाने ब्रशने पंखा झाडला, प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे नेणारा लेप वाळला होता, तो पुसून नवा लावला. काय गार वाटले म्हणून सांगू!

जुनी शर्यत पुन्हा सुसाट सुटली. नवा खेळ मात्र अजून अडखळत होता. रुद्रने भुवया उडवल्या.  उज्वलाने खेळातले चित्र लहान, कमी तपशिलाचे केले, आणि काय आश्चर्य, खेळ सुरळीत चालू लागला.

"प्रोसेसर दमला असता, तर चित्र लहान करूनही फरक पडला नसता," ती म्हणाली. "दमतंय ते पडद्यावर चित्रं काढणारं ग्राफिक्स कार्ड."

तिने मैत्रिणीकडून वापरलेले कार्ड आणून बसवले. प्रोसेसर तोच राहिला. रुद्रने मोठे चित्र लावून पाहिले, दहा मिनिटे खेळला आणि मग मान खाली घालून म्हणाला, "ताई, चुकलो."

"बरं झालं. आता ऊठ," गोजराबाई म्हणाली. "माझी शर्यत अर्धी ऱ्हायलीय."

त्यानंतर तीन वर्षांनी त्या घरात नवा कॉम्प्युटर आलाच. येणारच होता. आता मी सातपूरला उज्वलाच्या हार्डवेअर क्लासमध्ये असतो. मुले-मुली मला रोज उघडतात, जोडतात, कधी चुकीचेही जोडतात. मित्रांनो, एखादी वस्तू मंदावली, तर ती टाकून देण्याआधी एकदा उघडून पाहा. तिची धूळ झाडा. तिला खरोखर काय होते आहे, ते शोधा. आणि तिला घडवणाऱ्याला एकदम दोष देऊ नका.

आता थांबतो. घोटीहून येणारी शुभांगी स्क्रू ड्रायव्हर घेऊन माझ्यासमोर बसली आहे. आज ती पहिल्यांदाच माझा पंखा काढणार आहे. पहिल्या स्क्रूला हात लावण्याआधी ती पुन्हा पुन्हा वहीत पाहते आहे. मी मात्र अगदी निर्धास्त आहे.