न पाहिलेला टॅकल

शिट्टी वाजली तेव्हा बळवंतराव शेळके चांगलेच मागे राहिले होते. शिट्टी त्यांनीच वाजवली होती म्हणा, पण पाहून नाही, ऐकून. मैदानाच्या पलीकडच्या कडेला उभ्या असलेल्या बायकांतून एकदम आरडाओरड झाली, "हाय राम, गर्दन पकड़ ली!" म्हणून कोणीतरी किंचाळलं, आणि यांच्या तोंडातल्या शिट्टीत आपोआप फुंकर गेली.

धापा टाकत पोचले. गवतावर पिवळ्या जर्सीतली शिखा मान धरून बसली होती. तिच्यावर वाकली होती निळ्या जर्सीतली राजलक्ष्मी माने. बाकीच्या पोरी चेंडूमागे धावत पार दुसऱ्या टोकाला गेलेल्या. रग्बीत समोरच्याला धरून खाली पाडायला, म्हणजे टॅकल करायला मोकळीक असते, पण खांद्याच्या खाली धरून. त्याच्या वर हात गेला की तो गुन्हा, आणि मानेला गेला तर मोठा गुन्हा. इथे एक मान धरून बसलेली आणि एक तिच्यावर वाकलेली. आणखी काय हवं होतं?

बळवंतरावांनी खिशातून लाल कार्ड काढलं आणि राजलक्ष्मीच्या डोळ्यांसमोर वर धरलं.

"बाहेर."

राजलक्ष्मी सरळ उभी राहिली. ही ग्वाल्हेरातल्या मराठी घरातली पोर, दौलतगंजात राहणारी. मंडळाच्या गणपतीत लहानपणापासून यांच्या हातून बक्षिसं घेतलेली. एरवी "काका, काका" करणारी. पण मैदानावर सर ते सर.

"जी सर," ती म्हणाली आणि मान खाली घालून बाहेर गेली.

क्रिकेट असतं तर चौघींनी घेराव घातला असता. रग्बीत ते चालत नाही. ग्वाल्हेरात हंगामाच्या पहिल्या दिवशी सगळ्या पोरींना ओळीत बसवून हे शिकवायचे ते बळवंतरावच. "रेफ़री से बहस नहीं. जी सर बोलो और चलो." तीच शिकवण त्या दिवशी पोरीनं तंतोतंत पाळली.

निळ्या जर्सीवाल्या सहाजणींनिशी खेळल्या आणि हरल्या. मग रिवाजाप्रमाणे दोन रांगा झाल्या. सामना संपला की या खेळात समोरचा संघ दोन रांगा करून उभा राहतो, मधून जाणाऱ्यांसाठी टाळ्या वाजवतो, हाताला हात लावतो. शेवटी रेफरी जातो. बळवंतराव मधून गेले तेव्हा रांगेच्या टोकाला राजलक्ष्मी उभी होती. डोळे लाल, पण टाळ्या वाजवत होती. तिनं हात पुढे केला. "थैंक यू सर."

चांगल्या वळणाची पोर आहे, बळवंतरावांच्या मनात आलं. त्यांना थोडा अभिमानच वाटला, आपण शिकवलेलं म्हणून.

मग कचोरी-जिलबी आली. दोन्ही संघांनी एकत्र खायचं, हाही रिवाजच. शिखा मानेला ओला रुमाल बांधून जिलबी खात होती. बळवंतराव चौकशी करायला तिच्यापाशी गेले.

"कैसी हो बेटा?"

"मैं ठीक हूँ सर. पर सर, राजू दीदी को क्यों निकाला?"

"क्यों म्हणजे? तुम्हारी गर्दन..."

"वो दीदी ने थोड़ी पकड़ी थी! जिसने पकड़ी वो तो बॉल के पीछे भाग गई. दीदी तो मुझे उठाने रुकी थीं."

बळवंतरावांच्या हातातला द्रोण कलला आणि पाक बोटांवरून मनगटावर आला. धरणारी कोण होती ते त्यांनी विचारलं नाही. "अच्छा, अच्छा, देखते हैं," एवढं म्हणून ते नळाकडे हात धुवायला गेले आणि बराच वेळ धूत राहिले. जी थांबली तिलाच बाहेर काढलं. आणि तिनं वर टाळ्या वाजवल्या. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते काय, हे त्यांना त्या नळाशी कळलं.

आता बळवंतराव म्हणजे काही मुलखाचे नाठाळ नव्हेत. जयेंद्रगंजात वकिलांच्या ओळीत त्यांचं टायपिंगचं टेबल. दिवसभर लोकांची शपथपत्रं टाइप करायची, "मी सत्य प्रतिज्ञेवर निवेदन करतो की" हे हिंदीतून एवढ्यांदा लिहिलेलं की बोटांना पाठ. तरुणपणी फुटबॉल खेळायचे. पुढे गावात हा अंड्यासारखा चेंडू आला, भोपाळला जाऊन रेफरीचं शिक्षण घेतलं, आणि थंडीतला प्रत्येक रविवार मैदानाला वाहिला. पैसाअडका काही नाही. मिळायचा तो मान. घरी, दुकानात, भाचे-पुतण्यांत कोणी त्यांचं ऐकत नसे. पण मैदानावर शिट्टी वाजली की चौदा पोरी जागच्या जागी थांबत.

पंचावन्नाव्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला. हंगामाआधी रेफरींची धावण्याची परीक्षा असते. मोबाइलमधून टूं टूं आवाज येतो, प्रत्येक आवाजाला पलीकडची रेघ गाठायची, आणि आवाज हळूहळू घाईला येतो. बळवंतराव मागे पडू लागले तसा समरजीतनं मोबाइलच बंद केला. हा समरजीत शाळेत खेळाचा मास्तर आणि रेफरींची परीक्षा घेणाराही तोच. "हो गया दादा. पास. आपकी कौन परीक्षा लेगा?" यांनीही हसून टॉवेल खांद्यावर टाकला. नाही म्हणायला काय झालं होतं? पण मोह सुटत नाही हो.

मग सगळा हंगाम चोरट्यासारखा गेला. खेळ लांब गेला की मोजा वर ओढायला वाकायचं. उगीच थांबून घड्याळाकडे बघायचं. लांबून शिट्टी मारायची आणि हात असा ठामपणे दाखवायचा की कोणाला शंका येऊ नये. खपून गेलं. ज्याच्याशी कोणी वाद घालत नाही त्याचं सगळंच खपतं.

त्या रविवारी घरी आले ते ताटावर नुसते बसून राहिले.

"अहो, जेवून घ्या नं. असे काय बसून राहिलात?" मंजिरीताई म्हणाल्या.

"एका पोरीला चुकून काढलं आज. धुकं होतं फार. दिसलं नाही."

"धुकं?" मंजिरीताईंनी पोळी वाढता वाढता हात थांबवला. "अहो, आज तर मस्त ऊन पडलं होतं. गच्चीवर पापड वाळत घातले होते मी, दुपारच्या आत कडक होऊन गेले."

बळवंतरावांनी ताटातली भाजी इकडची तिकडे केली. बायकोशीसुद्धा खोटं बोलून झालं आणि पापडांनी पकडून दिलं.

गोष्ट एका लाल कार्डाची असती तर एक वेळ चाललं असतं. पण राज्याच्या शिबिरासाठी जिल्ह्यातून मुलींची नावं गुरुवारी भोपाळला जायची होती, आणि लाल कार्ड मिळालेल्या मुलीचं नाव जात नाही असा इथला नियम. राजलक्ष्मीचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती. हे बळवंतरावांना ठाऊक नव्हतं असं नाही. त्या वयाचे कागद त्यांनीच तर टाइप केले होते.

मंगळवारी त्यांनी समरजीतला गाठलं. तो ऐकून घेऊन इकडेतिकडे बघायला लागला.

"दादा, बात बढ़ाओ मत. पूछेंगे दिखा क्यों नहीं, तो दौड़ की बात निकलेगी. फिर टेस्ट की. मेरी भी नौकरी है."

"आणि पोरीचं काय?"

"अरे, बच्ची है, भूल जाएगी. आप भी भूल जाओ."

झाकली मूठ सव्वालाखाची, असं समरजीतचं म्हणणं. बुधवारी दिवसभर बळवंतरावांनी ती मूठ झाकून ठेवून पाहिली. एका शपथपत्रात त्यांनी चार ठिकाणी चुका केल्या आणि वकिलाच्या शिव्या खाल्ल्या.

गुरुवारी सकाळीच ते जिल्हा रग्बी संघटनेचे सेक्रेटरी विक्रमसिंह यांच्या बंगल्यावर जाऊन धडकले. सांगायचंच, असं ठरवून. पण तिथे पाहुणे बसले होते. विक्रमसिंह उठून सामोरे आले आणि यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आइए, आइए! ये हैं हमारे शेळके साहब. ग्वालियर में रग्बी इन्हीं के दम पर है. मजाल है कोई इनके फ़ैसले पर उँगली उठा दे!"

पाहुण्यांनी हात जोडले. चहा आला, तीळगुळाची गजक आली. बळवंतरावांनी गजकाचा तुकडा तोंडात टाकला तो दातांत अडकला, आणि शब्दही तिथेच कुठेतरी अडकले. "कैसे आना हुआ?" विक्रमसिंहांनी विचारलं. "बस, इधर से निकल रहा था," असं म्हणून, चहा संपवून, नमस्कार करून हा माणूस घरी आला! वाटेत स्कूटर बाजूला लावून त्यांनी आपल्याच तोंडावर एक चापट मारून घेतली. शेजारच्या भाजीवाल्यानं पाहिलं आणि नजर वळवली.

शुक्रवारी गेले. त्या दिवशी पाहुणे नव्हते. उभ्या उभ्याच बोलले, "मैंने देखा नहीं था. पीछे था. अब दौड़ा नहीं जाता मुझसे. लड़की बेक़सूर है." धावण्याच्या परीक्षेचं विचारलं तेव्हा, आपण गुडघेदुखीच्या गोळ्या खाऊन धावलो, समरजीतला कळू दिलं नाही, असं सांगितलं. हे एक खोटं मात्र ते खुशाल बोलले.

विक्रमसिंहांनी कपाळ चोळलं. "कार्ड तो मैं रद्द कर दूँगा. पर नाम तो कल शाम को चले गए, शेळके साहब. आप कल तो आए थे यहाँ!"

वरातीमागून घोडं. बळवंतरावांनी गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली. विक्रमसिंहांनी ती परत दिली नाही.

तिथून ते तडक दौलतगंजात गेले. राजलक्ष्मीच्या आई लीलाताई शिवणाच्या मशीनवरून लगबगीनं उठल्या.

"या नं भाऊजी, बसा. चहा ठेवते. मीच येणार होते माफी मागायला. हिनं तुमचं नाव घालवलं हो! मी चांगली मारली तिला. म्हणत होती मी काही नाही केलं. मी म्हटलं, काकांनी काढलं म्हणजे तूच काही तरी केलं असशील. काका काही खोटं नाही करणार."

"आई, रहने दे नं," आतल्या दारात उभी राजलक्ष्मी म्हणाली.

बळवंतराव बसले नाहीत. "लीलाताई, तिनं खरंच काही केलं नव्हतं. पडलेल्या मुलीला उठवत होती ती. मी पाहिलंच नव्हतं. न बघता काढलं." आणि मग शिबिराचं सांगितलं. लीलाताईंनी पदर तोंडाशी नेला आणि लेकीकडे बघितलं, पण लेक बळवंतरावांकडे बघत होती.

"शिखा ने बोला था नं तुम्हाला? उसी दिन?"

"हो."

"मग?"

"लाज वाटली, बाळा. सांगायची लाज वाटली."

"मला पण वाटली होती, काका," ती म्हणाली. "सगळ्यांच्या समोर." आणि आत निघून गेली. लीलाताईंनी चहाचं पुन्हा विचारलं नाही.

हंगामाचा शेवटचा सामना फेब्रुवारीत झाला. शिट्टी भिंडहून आलेल्या उत्कर्षकडे होती; पोरगा सारखा चेंडूच्या बगलेत. बळवंतराव फुलपँट घालून रेघेबाहेर पाण्याच्या बाटल्यांपाशी उभे होते. त्यांनी येऊ नये असं समरजीतला वाटत होतं, मंजिरीताईंनाही वाटत होतं. गावात बातमी फुटलेली होती. मागे दोन पालक काहीतरी बोलून हसले, ते आपल्यावरच हे त्यांना कळलं. तरी ते जागचे हलले नाहीत.

राजलक्ष्मी खेळली. वाऱ्यासारखी खेळली आणि निळा संघ जिंकला. भोपाळचं शिबिर मागच्याच आठवड्यात सुरू झालं होतं.

मग दोन रांगा झाल्या. शिखानं हाक मारली, "सर, आप भी आइए ना," म्हणून बळवंतराव पिवळ्या रांगेच्या टोकाला जाऊन उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. निळ्या पोरी मधून यायला लागल्या. सगळ्यांत पुढे राजलक्ष्मी. एकेका हाताला हात लावत, हसत येत होती. शिखाला तर तिनं मिठीच मारली. बळवंतरावांनी हात पुढे केला.

ती त्यांच्यासमोर आली. तिनं त्यांच्या डोळ्यांत नीट बघितलं, आपला हात खाली घेतला आणि पुढे गेली.

त्या क्षणी बळवंतरावांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. इतक्या वर्षांत या मैदानावर कोणी तरी पहिल्यांदा त्यांना, तुमचं चुकलं, असं तोंडावर सांगितलं होतं. त्यांनी हात मागे घेतला नाही. तिच्या मागून अजून पोरी येत होत्या.