डाव्या बुटाची पणजी

मी एक जुना बूट आहे, डाव्या पायाचा. माझ्या चवड्यावर चामड्याचे ठिगळ आहे. त्यावरून माझा धंदा ओळखता येतो.

मित्रांनो, १९९८ साली डिचोलीच्या बाजारात गुरुदास नावाच्या कारागिराने आम्हा दोघा भावांना शिवले. धारगळच्या गोकुळदासने आम्हाला विकत घेतले. तो पायलट, पण विमानाचा नव्हे. भाड्याच्या मोटारसायकलवर मागे माणूस बसवून नेणाऱ्याला गोव्यात पायलट म्हणतात. त्याच्या गाडीचा पुढचा मडगार्ड पिवळा असतो.

उजव्या भावाकडे ब्रेक होता, माझ्याकडे गियर. दिवसातून शेकडो वेळा मी दांड्याखाली शिरून तो वर उचलायचो. वर्षभरात माझा चवडा झिजला. गुरुदासने ठिगळ लावले आणि म्हणाला, "आता हो बूट गाडयेच्या आधी मरूचो नाय." ते माझे पहिले कौतुक. चालणे मात्र मला फारसे ठाऊक नव्हते.

गोकुळदासच्या मुलीचे नाव भाग्यलक्ष्मी. घरात तिला बाय म्हणत. लहानपणीच्या पोलिओने तिचा उजवा पाय आखूड आणि अशक्त झाला होता. बाविसाव्या वर्षी तिला पणजीत, आल्तिनोच्या चढावरच्या एका कचेरीत नोकरी लागली. सोमवारी साडेनऊला हजर व्हायचे होते.

"रोज तुझ्या गाडयेवर बसान मी जावचंय नाय," तिने वडिलांना बजावले. "माका गिऱ्हाईक केलंस, तर बाकीची गिऱ्हाइकां खंय जातली?"

"मगे बसनं जा. बसस्टँडावरून पाच मिनटांची वाट," गोकुळदास म्हणाला.

शनिवारी संध्याकाळी त्याच्या बायकोने, चंद्रावतीने, भाजी चिरता चिरता विचारले, "पाच मिनटां गाडयेची की पायांची?"

वीस वर्षे तो पणजीला माणसे नेत होता, पण शहरात पायी कधी फिरला नव्हता.

रविवारी तो एकटाच निघाला. मागची सीट रिकामी होती. बसस्टँडाजवळ गाडी लावून त्याने घड्याळ पाहिले आणि चालू लागला. खाडीवरचा पूल, मग पदपथ, बाग, मग चढ. गाडीवर हा चढ म्हणजे दांडा एकदा खाली दाबणे. पायाला तो संपता संपेना. कचेरीच्या फाटकाशी त्याने पुन्हा घड्याळ पाहिले. चोवीस मिनिटे झाली होती.

तो परत बसस्टँडावर आला आणि दुसऱ्यांदा निघाला. या वेळी उजवा पाय त्याने जेमतेम टेकवला. बाय चालते तसा. सगळा भार माझ्यावर पडू लागला. पदपथाच्या फुटलेल्या लाद्या मला पहिल्यांदा एकेक कळल्या.

बागेच्या कोपऱ्यावर सुलोचना नावाची बाई फुले विकत होती. ती हसली. "पायलटा, मघाशी बरो चलत होतंस. पाय मोडलो काय?"

"पायलट म्हणान कसो वळाखलंस?"

"त्या बुटाचा तोंड बघ."

"ह्यो पाय माझो नाय गो. माझ्या चेडवाचो. फाल्यां, सोमवारी, ती ह्या वाटेन येतली."

चेडू म्हणजे मुलगी. सुलोचनाचे हसू थांबले. तिने टोपली सरकवली आणि आपले स्टूल पुढे केले. "दमली तर हय बसांदी. आणि पायऱ्यांनी धाडू नको. वळणाच्या रस्त्यान धाड, थय कठडो आसा."

फाटकाशी पोहोचायला एक्कावन्न मिनिटे लागली. तिथे माझा तळ शिवणीपाशी उसवला.

घरी येऊन गोकुळदास व्हरांड्यात बसला. "बाय, मी खोटा सांगितलंय. वाट पाच मिनटांची नाय."

"माका म्हायत आसा," ती म्हणाली. "मुलाखतीच्या दिवशी तुका भाडा होता म्हणान मी तुका कचेरीच्या फाटकावरून परत धाडलंय. मगे बसस्टँडापर्यंत चलतच खाली देवलंय. चाळीस मिनटां लागली."

"मगे बोललंस नाय कित्याक?"

"पाच मिनटां म्हणताना तू इतको खुशीत होतंस."

तो बराच वेळ माझी नाडी सोडत राहिला. "देवताना चाळीस. चढताना?"

"ता फाल्यां कळतला."

सोमवारी ती एक बस आधीची धरून गेली. संध्याकाळी दारातूनच तिने सांगितले, "त्रेपन्न मिनटां. दोनदा बसलंय. फुलवाली चाय घे म्हणत होती, वेळ नव्हतो."

गुरुदासने मला पुन्हा शिवले. आता माझ्या जागी नवा बूट गियर उचलतो आणि मी व्हरांड्यात जनेलाखाली, म्हणजे खिडकीखाली, असतो. माझ्यात कधी खिळे ठेवतात, कधी पालीचे वास्तव्य असते. पण समोरच्या रस्त्यावर कोणी गोकुळदासला अंतर विचारले, की त्याचे बोलणे मला ऐकू येते. तो आधी विचारतो, "चलतलो कोण?"

मित्रांनो, जुने बूट फेकण्याआधी एकदा त्यांचा तळ पाहा. आणि कोणाला वाट सांगाल, तेव्हा त्या माणसाच्या पायांकडे बघून सांगा.