मास्तरांची थप्पी

बाई असून सगळे तिला मास्तर म्हणत. शिवणाच्या कारखान्यात मशीनच्या पात्यानं कापडाची थप्पी कापायचं काम तिचं, आणि जीभही पात्यासारखीच. पातं एकदा थप्पीत शिरलं की पलीकडे निघेपर्यंत थांबायचं नाही, नाहीतर थर सरकतात, हा तिचाच दंडक. मध्येच थांबणाऱ्याची ती बिनपाण्यानं हजामत करायची.

मग कॅन्सर झाला आणि अख्खं जठर काढावं लागलं. डॉक्टरांनी बजावलं, पोटभर जेवण विसरा. थोड्या थोड्या वेळानं चार घास, तेही बारीक चावून. वेळ चुकवली की हातापायांना कापरं, डोळ्यांपुढे अंधारी. नणंद म्हणाली, वहिनी, जीव वाचला हे काय थोडं झालं, आता घरी बसा. बसा म्हणे! नुसता श्वास घेत बसायला का पोट कापून घेतलं होतं तिनं?

कामावर परतली त्या दिवशी मात्र बाईंनी भलतंच शहाणपण केलं. खायची वेळ झाली तेव्हा पातं थप्पीत होतं आणि स्वतःचाच दंडक मोडायची तिला लाज वाटली. रेटत राहिली, हात थरथरला, पातं भरकटलं, बाह्यांची सबंध थप्पी वाया गेली. मालक ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. उद्यापासून बसून बटणं तपासा, एवढंच म्हणाले. घरी जाऊन ती ढसाढसा रडली. मग डोळे पुसून नणंदेला म्हणाली, डबा छोट्या छोट्या वाट्यांत भर.

दुसऱ्या दिवशी ती मालकांच्या आधीच टेबलाशी हजर. आजचा दिवस कापू द्या, मग बटणांचं बघू, असं तिनं त्यांना ऐकवलं. अर्ध्या थप्पीत पोहोचल्यावर तिनं मशीन बंद केलं. एरवी थर धरून ठेवायला चिमटे लावणं तिला कमीपणाचं वाटायचं. आज तिनं कापडाला चारी बाजूंनी चिमटे लावले, स्टूल ओढलं आणि डबा उघडला. आजूबाजूचे हातातलं काम टाकून वळले. तिची बोलणी खाल्लेले तर आ वासून बघत राहिले.

मालक धावत आले. दुखतंय का, डॉक्टरांना फोन करू का, सुरू झालं त्यांचं. ती चावतच राहिली. मनात धाकधूक होती, पण घास नीट गिळल्याशिवाय ती बोलणार नव्हती.

"दुखत नाही, जेवतेय," ती म्हणाली. "माझं पोट आता असंच चालणार, आणि पातंही असंच."

मालकांनी वाकून थप्पीची कड चाचपली. एकही थर सरकला नव्हता. ते बाकीच्यांकडे वळले.

"बघताय काय? मास्तर जेवताहेत."

तिनं उरलेले घास सावकाश संपवले आणि मशीन सुरू केलं.