सुईणीसाठी दोन पहारी

"बोथट कसल्या, पार वाकल्यात!" कबरी खोदणाऱ्यानं दोन्ही पहारी ऐरणीपाशी टाकल्या. "वीतभर खणलं की खाली नुसता दगड. थंडीनं जमीन आवळून धरलीय. दुपारी आणतील, त्याआधी टोकं काढून दे बाबा."

लोहारानं एक पहार उचलली. लोखंड इतकं गार की बोटं चिकटतील असं वाटलं.

"कोण गेलं?"

"सुईण. पहाटेच."

लोहारानं मागच्या दाराकडे पाहिलं. आत बायको अंथरुणात होती. बत्तीस वर्षं तिनं त्याच्यासमोर उभं राहून घण मारला होता. यंदा थंडी पडली आणि तिचा उजवा खांदा कामातून गेला. घणाला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हापासून तो एकटाच कड्या, बिजागऱ्या करून दिवस ढकलत होता. पण पहार हे एकट्याचं काम नव्हे.

तरी त्यानं भाता ओढला. लाल झालेलं टोक ऐरणीवर घ्यावं, चार घाव घालावेत, की वाऱ्यानं ते काळं पडे. तिसऱ्या खेपेलाही टोक वाकडंच राहिलं.

"मी मारतो घण," खोदणारा पुढे झाला. पहिलाच घाव लोहाराच्या मनगटाजवळून गेला.

"राहू दे! आज अजून एक खड्डा खणायची पाळी आणशील."

तेवढ्यात बायको मागच्या दारात आली. डोक्यावरून घोंगडी.

"तू आत जा," लोहार म्हणाला.

"माझ्या दोन्ही पोरी तिच्या हातात पहिल्यांदा रडल्या. लोखंड काढा, निवतंय."

तिनं घण उचलला आणि जोर डाव्या हातावर घेतला. पहिला घाव तिरपा पडला, दुसरा नेमका. तो टोक फिरवत राहिला. तिच्या तोंडातून फक्त वाफ निघत होती. पहिली पहार झाली. दुसरीच्या वेळी घाव इतके हलके पडू लागले की ठिणगीही उडेना. लोहारानं मान वर केली नाही. उरलेलं टोक त्यानं स्वतःच्या हातोड्यानं ओढून काढलं, पाण्यात बुडवलं आणि म्हणाला, "झालं."

पहारी खांद्यावर टाकून खोदणारा लगबगीनं निघून गेला.

"दुसरी तुम्ही एकट्यानं केलीत," ती म्हणाली.

"छे गं."

"मला शिकवू नका. माझ्या घावाचा आवाज मला कळत नाही होय?" ती थोडा वेळ भट्टीकडे बघत राहिली. "आता पुन्हा नाही जमायचं."

बत्तीस वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडून त्यानं ऐकलं नव्हतं.

ती घण खाली ठेवायला गेली, पण बोटं उघडेनात. दांड्याभोवती वळलेली बोटं तशीच आखडून बसली होती. लोहार तिच्यासमोर उकिडवा बसला आणि करंगळीपासून एकेक बोट हळूहळू सोडवू लागला.