आडवी तार

नदीच्या या काठावरून त्या काठावर एक लोखंडी तार ताणलेली होती, आणि तिला कप्प्यांनी अडकवलेला तराफा दिवसभर इकडून तिकडे, तिकडून इकडे जायचा. तराफा चालवायची वहिनी. तिकिटं फाडायची तिची नणंद. नणंदेचा दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, मोठ्या बोटीवर नोकरीला होता. वर्षातून एकदा यायचा, आठवडाभर नुसता झोपायचा आणि परत जायचा.

पूर आला की तार सैल सोडून तळाशी बसवावी लागे, नाहीतर वाहून आलेली झाडं तिला तोडत. यंदाच्या पुरात तार अशी तळाशी असतानाच समुद्रातून एक डॉल्फिन वर चढून शहरात शिरला. पाणी उतरलं, तार पुन्हा ताणली गेली आणि डॉल्फिन तारेच्या वरच्या अंगालाच राहिला.

तराफा निघाला की तो निघायचा. थोडं अंतर ठेवून काठापर्यंत सोबत करायचा. तराफा वळला की हाही वळायचा. बघायला शहर लोटलं. नणंदेच्या जिभेला तर काय, निमित्तच हवं असायचं. तिकिटं फाडता फाडता ती गुणगुणायची,

“दादा गेला दर्याला, वहिनी घाली येरझारा,
दर्यानं धाडला बाई, तिच्या पाठीशी पहारा!”

“वन्सं, तिकिटं फाडा,” वहिनी म्हणायची, पण तिचे कान लाल व्हायचे. हल्ली ती तराफा जरा सावकाश वळवायची. त्याला वळायला सवड मिळावी म्हणून. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

मग त्याच्या पाठीवर पांढरे चट्टे दिसू लागले.

समुद्री जनावरांची एक डॉक्टरीण आली. पाण्यातला आवाज ऐकायचं यंत्र नदीत सोडून, कानाला हेडफोन लावून ती घाटाच्या पायरीवर बसून राहायची. एका सकाळी तिनं वहिनीला हाक मारली.

“गोडं पाणी याला सोसत नाही. कातडी सुटायला लागलीय, पोटात काही नाही. असाच राहिला तर मरेल.”

“मग जात का नाही? खाली समुद्रच तर आहे. कुणी धरून ठेवलंय त्याला?”

डॉक्टरणीनं कानावरचा हेडफोन उतरवला. “काल इंजिन बिघडलं म्हणून तुमचा तराफा बंद होता ना? तरीही तो दिवसभर याच रेषेत फिरत होता. या काठापासून त्या काठापर्यंत. तराफा नव्हताच.”

तिनं हेडफोन पुढे केला. वहिनीनं तो कानाला लावला. घुंऽऽ. एकसुरी, न तुटणारा आवाज, बंद डब्यात भुंगा कोंडावा तसा.

“हे काय?”

“तुमची तार. सारखी थरथरते, आणि ती थरथर काठच्या खांबांतून पाण्यात उतरते. वर आपल्याला ऐकू येत नाही, पण पाण्याखाली त्याला बहुतेक ती भिंत वाटत असावी. तो भिंतीला धरून दार शोधतोय.”

वहिनीनं हेडफोन काढला. म्हणाली, “खोटं.” मग पुन्हा लावला आणि बराच वेळ ऐकत राहिली. तिच्यासोबत इतके दिवस जो चालत होता, तो तिच्यासोबत नव्हताच.

ती उठली ती पदर खोचूनच. “वन्सं, घाटाला साखळी लावा. तराफा बंद.”

“बंद म्हणजे?”

“तार सोडायची.”

“पुराशिवाय? अगं, दहा माणसं लागतात!”

“ताणायला लागतात. सोडायला दोन बायका पुरतात.”

“आणि परत ताणणार कोण? तुझा डॉल्फिन?”

“ते मग बघू.”

साखळीशी लोक जमले. पलीकडच्या दवाखान्यातली नर्स पुढे आली. “माझी ड्यूटी आहे, मी जायचं कसं?”

“पुलावरून. वळसा पडेल, पण आज तसंच जा.”

“एका माशासाठी माणसांनी वळसे घालायचे?”

“मासा नाही तो.”

“मग कोण लागतो तुझा?”

वहिनी तराफ्याकडे वळली. तिनं तराफा काठाला बांधला, कप्प्या तारेवरून उतरवल्या आणि तार गुंडाळायच्या विंचकडे गेली. दातेरी चाकाची खिटी गंजून बसली होती. तेल ओतलं. हातोडा घातला. खिटी ढिम्म.

“मी काय करू?” डॉक्टरणीनं विचारलं.

“विंचच्या दांड्यावर बसा.”

“बसू?”

“अंग टाकून बसा. शिक्षण बाजूला ठेवा, वजन द्या.”

नणंद हसता हसता स्वतःही जाऊन दांड्याला लोंबकळली. वहिनीनं हातोडा उचलला. खिटी उडाली, दांडा उसळला, दोघी धुळीत पडल्या, आणि तार करकरत सैल होऊ लागली. नदीच्या मधोमध तिला पोट आलं. मग ते पोट पाण्यात बुडालं.

डॉल्फिन आला. नेहमीच्या रेषेशी पोचला आणि नेहमीसारखाच वळला.

“शहर सोडवत नाही हो त्याला!” घाटावरचा चहावाला ओरडला. गर्दी हसली. गर्दीमुळे त्याचं बरं चाललं होतं.

डॉक्टरणीनं हेडफोन कानांवर घट्ट दाबला. “आवाज आहे अजून. बारीक. पलीकडच्या बाजूनं येतोय.”

वहिनी एव्हाना लहान होडीत होती. “चला वन्सं. पहार घ्या.”

पलीकडे, घाटाच्या जुन्या लाकडी खांबाला तार अडकून राहिली होती. खांबापासून खोल पाण्यापर्यंत ती अजून ताठ होती. वहिनी छातीभर पाण्यात उतरली. नणंद काठावर पालथी पडून तिचा दंड धरून होती.

“वहिनी, गेलीस तर दादाला काय सांगू?”

“सांगा, कामावर आहे.”

पहार तारेखाली घालून ती रेटली. तार हलली नाही. पुन्हा रेटली. पाय गाळात रुतले, तेवढाच आधार मिळाला. मग तिनं सगळं अंग पहारेवर घातलं. तार खांबावरून निसटली, तिच्या मनगटाला सोलून गेली आणि खाली, आणखी खाली जाऊन गप्प झाली. अलीकडच्या घाटावर डॉक्टरणीनं दोन्ही हात वर केले.

डॉल्फिन पुन्हा आला. या वेळी वळायच्या जागी थांबला. वहिनीपासून इतका जवळ, की पाठीवरचे चट्टे तिला मोजता आले असते. तराफा निघताना ती कठड्यावर थाप मारायची. तशी एक थाप पाण्यावर मारावी, एकदाच, असं तिच्या मनात फार आलं. तिनं दोन्ही मुठी पाण्याखाली आवळून धरल्या. मनगटातून रक्त येत होतं, त्याची लहानशी लाल रेघ प्रवाहाबरोबर खाली निघाली होती.

तो रेषेवर आला. रेषेपलीकडे गेला. मग जे निघाला, ते त्याची पाठ एकदम पुलाच्या खांबांपाशीच दिसली. त्यानंतर दिसली नाही.

“वळूनसुद्धा पाहिलं नाही मेल्यानं,” नणंद म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

“बरं झालं.” वहिनी गाळातून एकेक पाय उपसत होती. “वळला असता, तर तार परत ताणायला माझे हात चालले नसते. ओढा मला वर. दहा माणसं गोळा करायचीत.”